तासाभराचं विमान, स्वस्तातली रेल्वे: दोन्ही अर्धसत्यं

विमानाची भाडी चढली की घरोघरी तोच वाद रंगतो. जास्तीचे पैसे मोजून उडायचं की निमूटपणे गाडीचं रिझर्व्हेशन काढायचं? वादात दोन्ही बाजूंनी केलेली विधानं मात्र बहुतेक ऐकीव असतात. मुंबई-गोवा आणि मुंबई-नागपूर या दोन मार्गांवर ती घासून पाहू.

सगळ्यांत लाडकं विधान म्हणजे "गोवा काय, विमानाने तासाभरात." हवेतला वेळ साधारण सव्वा तास, हे खरंच. पण चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं, म्हणून दोन तास आधी पोचायचं असतं. त्यात डोंबिवलीकराने सांताक्रूझपर्यंतचा रस्ता धरावा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली, त्यामुळे पनवेलकडच्यांची सोय झाली; पण तिकीट कोणत्या विमानतळाचं आहे हे आता दोनदा वाचायला हवं. गोव्यातही विमानतळ दोन. मोपा पार उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात. तिथून मडगावला जायचं तर आणखी सुमारे दीड तास, शिवाय टॅक्सीचे पैसे. घराच्या दारापासून मोजलं तर साडेपाच-सहा तास सहज जातात. वंदे भारत मुंबईहून पहाटे निघून पावणेआठ तासांच्या आसपास मडगावला पोचवते आणि ठाण्यालाही थांबते. फरक उरतो दोनेक तासांचा.

पावसाळ्यात मात्र हे गणित उलटतं. दरडींच्या धोक्यामुळे कोकण रेल्वेवर वेगाला लगाम असतो, वेगळं वेळापत्रक लागू होतं आणि हाच प्रवास दहा तासांवर जातो. तेव्हा ऑगस्टात कुणी विमानाने गोव्याला गेलं तर मी नावं ठेवणार नाही.

नागपूरची गोष्ट वेगळी. रात्री बसलात की सकाळी नागपूर. घड्याळात अकरा ते चौदा तास दिसतात, पण ते झोपेचे. विमानाचे पाच तास भर दिवसातले असतात.

"सरकार विमानभाड्यावर मर्यादा घालतं" ही दुसरी समजूत. १९९४ मध्ये खासगी कंपन्यांना रीतसर दार उघडल्यापासून भाडं कंपन्याच ठरवतात. मर्यादा आल्या त्या अपवाद म्हणून. मे २०२० मध्ये कोविडकाळात बंधनं आली, ती ३१ ऑगस्ट २०२२ ला उठली. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची शेकडो उड्डाणं रद्द होऊन भाडी भडकली, तेव्हा ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० आणि १,००० पर्यंत १२,००० रुपये अशी कमाल मर्यादा जाहीर झाली, तीही कर आणि विमानतळाचे आकार सोडून. म्हणजे गोवा पहिल्या गटात, नागपूर दुसऱ्या. चौघांचं कुटुंब असेल तर हा दिलासा म्हणायचा की धक्का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

रेल्वेवाल्यांची बाजूही तितकी सरळ नाही. "गाडीचं भाडं ठरलेलं असतं" हे राजधानी, शताब्दी, दुरांतोला सरसकट लागू नाही. सप्टेंबर २०१६ पासून तिथे फ्लेक्सी भाडं आहे: दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी वर सरकतं. नागपूरला जाणाऱ्या विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेसला ही भानगड नाही. ज्येष्ठांची सवलत मिळेल या भरवशावर आजी-आजोबांचा हिशेब मांडत असाल तर तो खोडा. ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. काही विमान कंपन्या मात्र साठीपुढच्यांना मूळ भाड्यात थोडी सूट देतात.

लहान मूल बरोबर असेल तर पारडं झटकन रेल्वेकडे झुकतं. विमानात दोन वर्षं पूर्ण झाली की मुलाला स्वतंत्र सीट आणि तिचं तिकीट. रेल्वेत पाच वर्षांखालचं मूल वेगळा बर्थ न घेता फुकट जातं. सामानाचंही तसंच: विमानात चेक-इनला साधारण १५ किलो, थ्री-टायर एसीत ४० किलो. दिवाळीचे डबे आणि परतीच्या संत्र्यांच्या पेट्या वाहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता खरी गोम. विमानात शेवटच्या दिवशीही जागा मिळते, फक्त खिसा रिकामा करावा लागतो. रेल्वेत पैसे असूनही बर्थ मिळत नाही. "वेटिंग असलं तरी चढू, टीसी बघेल" असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि त्यावर प्रवास करता येत नाही. तत्काळ हा आधार होता, पण जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी लागते आणि जागा मिनिटांत संपतात.

गाडीला उशीर झाला तर पैसे बुडाले, हाही गैरसमजच. तुमच्या स्टेशनवर गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण परतावा मागता येतो. मात्र गाडी सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरावा लागतो.

नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुलतं, सकाळी आठला. त्या दिवशी विमानाचं भाडंही शेजारी उघडून ठेवा आणि टॅक्सी, मुलं, सामान धरून बेरीज करा. कन्फर्म बर्थ मिळत असेल तर नागपूरला गाडीनेच जा. नाही मिळाला, तर वेटिंगच्या आशेवर न राहता विमानाचं तिकीट त्याच दिवशी काढा.