माहीमचे फकीह

लहानपणी गिरडच्या टेकडीवरून उतरताना आमच्या मुठी वाटोळ्या खड्यांनी भरलेल्या असत. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात बाबा फरीदांच्या दर्ग्याची ही टेकडी. बाबांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, तेच हे खडे, असे मोठी माणसे सांगत. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे नवस फेडतात. त्यामुळे मुसलमान सत्पुरुष म्हटला की आम्हा वर्धेकरांच्या मनात असा चमत्कारांनी वेढलेला बाबाच उभा राहतो.

मुंबईतल्या माहीमच्या मखदूम अलींविषयी वाचायला घेतले तेव्हा मीही हेच मनात धरून बसलो होतो. त्यांच्या नावामागे लागलेला ‘फकीह’ हा शब्द मी कितीतरी वेळ ‘फकीर’ असाच वाचला. फकीर घरदार सोडतो. फकीहाला मात्र घरादाराच्याच भानगडी सोडवाव्या लागतात. वारसा, कर्ज, भागीदारी, लग्न, तलाक यांत धर्मशास्त्र काय म्हणते आणि का म्हणते, हे सांगणारा तो जाणकार. ‘फिकह’ या शब्दाचा मूळ अर्थच खोल समज.

अली यांचा जन्म हिजरी ७७६ मधला आणि मृत्यू हिजरी ८३५ मधला, म्हणजे इसवी सन १४३१-३२ च्या सुमारास. घराणे नवायत, अरबस्तानाशी नाते सांगणाऱ्या किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांचे. वडील लवकर गेले, आईने वाढवले. एका रात्री आईने पाणी मागितले. मुलगा आणेपर्यंत तिला झोप लागली. तो पेला हातात धरून पहाटेपर्यंत उशाशी उभा राहिला, ही कथा माहीममध्ये आजही सांगतात. समुद्रकाठी त्यांना साक्षात खिज्र या अमर मानलेल्या सत्पुरुषाने शिकवले, असेही म्हणतात. मला या दोन कथांमधली पहिली अधिक जवळची वाटते, कारण तिच्यात चमत्कार नाही.

त्या काळचे माहीम म्हणजे गुजरातच्या सुलतानांच्या ताब्यातले, बेटावरचे बंदर. गुजरातचा अहमदशहा आणि दख्खनचा बहामनी सुलतान यांची या बेटासाठी झुंज झाली, तीही अलींच्या हयातीतच, १४३० च्या आसपास. अशा गावी ते काझी होते. बंदरातला काझी म्हणजे बुडालेल्या गलबताचा माल, परदेशी मेलेल्या सावकाराचे वारस, फिरलेला शब्द, सगळे दाराशी येणारच. हिंदुस्थानातले बहुसंख्य सुन्नी हनफी मताचे. कोकणपट्टीतले मात्र शाफई. गाझात जन्मलेल्या आणि ८२० साली कैरोच्या भूमीत विसावलेल्या इमाम शाफईंचे मत अरब गलबतांबरोबर या किनाऱ्याला लागले. अलींच्या जन्माआधी तीसेक वर्षे प्रवासी इब्न बतूता याच किनाऱ्यावरच्या होनावरला उतरला, तेव्हा तिथले लोकही त्याला शाफईच आढळले. हनफी मतात समुद्रातले खाणे मासळीपुरते, तर शाफई मताला समुद्रातले बहुतेक जीव चालतात. किनाऱ्यावरच्या माणसाच्या ताटाला कायदा इतका जवळ असतो, हे आमच्या ज्वारी-कपाशीच्या मुलखात बसून सहज ध्यानात येत नाही.

शाफई फिकहवर अलींचा ‘फिकह-ए-मखदूमी’ हा ग्रंथ आहे. पण न्यायशास्त्री म्हणून त्यांचे खरे धाडस मला ‘इनआमुल मलिकिल अल्लाम’ या ग्रंथात दिसते. शरीयतने घातलेल्या आज्ञांमागे कोणते शहाणपण आहे, हा त्याचा विषय. आज्ञा पाळा, एवढे सांगून काझीचे काम भागले असते. अलींना कारण हवे होते. दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांनी हाच विषय अठराव्या शतकात हाती घेतला आणि त्यांचे नाव जगभर झाले. माहीमचा माणूस त्या वाटेने तीनशे वर्षे आधी चालून गेला होता, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

दुसरे धाडस इब्न अरबींच्या बाबतीतले. १२४० साली दमास्कसला वारलेल्या या सूफी तत्त्वज्ञाचे ‘अस्तित्व एकच’ हे मत अनेक शास्त्र्यांना पाखंड वाटे. काझीच्या आसनावरच्या अलींनी मात्र त्याच्या ‘फुसूसुल हिकम’वर भाष्य लिहिले. कायद्याचा माणूस आणि अद्वैताचा माणूस एकाच देहात नांदले.

त्यांचा सगळ्यात मोठा ग्रंथ म्हणजे ‘तबसीरुर रहमान’, कुराणाचे अरबी भाष्य. कैरोच्या बुलाक छापखान्यात तो हिजरी १२९५ मध्ये, म्हणजे १८७८ साली छापला गेला. एकापाठोपाठ येणाऱ्या आयती, म्हणजे कुराणातली वचने, सुट्या नाहीत, त्यांच्यात धागा आहे, ही या भाष्याची धारणा. कुराणाच्या ११४ सूरांपैकी, म्हणजे अध्यायांपैकी, ११३ सूरांच्या आरंभी ‘बिस्मिल्लाह’ येते. शब्द तेच, पण अली दर वेळी त्या सूराच्या आशयाला धरून त्यांचा वेगळा अर्थ उलगडतात. ज्ञानेश्वरीची आवड असलेल्या मराठी वाचकाला हा आनंद नवा नाही. आझाद बिलग्रामी या औरंगाबादच्या पंडिताने हिंदुस्थानातल्या विद्वानांची चरित्रे अरबीत लिहिली, त्यांतही अली आहेत.

आणि आज? मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळून जाणाऱ्या लांब उड्डाणपुलाला ‘कुत्ब-ए-कोकण मखदूम अली माहिमी’ यांचे नाव आहे. डिसेंबरात माहीमला त्यांच्या दर्ग्यावर दहा दिवस जत्रा भरते आणि मानाची चादर मुंबई पोलीस चढवतात. पोलिसांच्या या श्रद्धेमागे निरनिराळ्या कथा आहेत. मला त्यात काझीची आठवण दिसते. कायदा राखणारे कायदा जाणणाऱ्याला दरवर्षी नमस्कार करून येतात.

वर्ध्यात बसून अलींना वाचताना मनात राहून राहून विनोबा येतात. तेही कोकणचेच, गागोद्याचे, १८९५ साली जन्मलेले. १९२१ मध्ये ते वर्ध्याला आले आणि पुढे पवनारचे झाले. कुराण मुळातून वाचायचे म्हणून ते अरबी शिकले आणि त्यांनी ‘कुरआन-सार’ सिद्ध केले. त्यात त्यांनी आयती निवडून विषयवार लावल्या. अलींना क्रमातच अर्थ दिसला. विनोबांनी क्रम सोडवून अर्थ हाती दिला. दोघांच्या मधे पाचशे वर्षे. पवनारला धाम नदीच्या काठी उभा राहिलो की मला या दोन कोकणी वाचकांना समोरासमोर बसवावेसे वाटते. अली बहुधा पहिल्याच पानावर विचारतील, ही आयत तुम्ही तिच्या शेजारणीपासून का तोडलीत?