चार फुटांचा पाया, चारशे फुटांचा मनोरा

घर बांधायला काढलं की आमच्याकडचा मिस्त्री नकाशाआधी माती बघतो. "काळीचा भरोसा नाही, मुरूम लागेपर्यंत खणा लागते," हे वाक्य कारंजा (घाडगे) परिसरात लहानपणापासून कानावर पडतं. उन्हाळ्यात काळी आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चार पाऊस झाले की तीच फुगते. काळीतच पाया सोडलेल्या घराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघाली नाही, असं सहसा होत नाही. अशा मुलखातला माणूस इंग्लंडमधल्या सॉल्सबरीत जातो, तिथल्या कॅथीड्रलचा दगडी मनोरा मान दुखेपर्यंत न्याहाळतो. उंची 123 मीटर, म्हणजे चारशे फुटांच्या वर. आणि मग कळतं, की याचा पाया जेमतेम चार फूट खोल आहे! शेजारून नदी वाहते, सगळी जमीन ओली. आमच्या मिस्त्रीने हात जोडले असते.

तरी तो सातशे वर्षं उभा आहे. कॅथीड्रलची पायाभरणी 1220 सालची आणि मुख्य इमारत 1258 पर्यंत झाली. मनोरा मात्र मूळ बेतात नव्हताच. तो चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला वर चढवला. खालच्या खांबांवर अचानक सुमारे साडेसहा हजार टनांचं ओझं आलं. मधल्या चौकातले खांब त्या भाराने वाकले आहेत आणि ते साध्या डोळ्यांना दिसतं. खांबाला गाल टेकवून वर नजर लावावी, बाक लगेच ध्यानात येतो. 1668 मध्ये ख्रिस्तोफर रेन या वास्तुकाराने मोजणी केली तेव्हा मनोरा सुमारे 70 सेंटीमीटर कललेला निघाला. लिंकनचा याहून उंच मनोरा 1548 मध्ये कोसळला, लंडनच्या जुन्या सेंट पॉलचा 1561 मध्ये विजेने जळाला. सॉल्सबरीचा तेवढा टिकला.

याचं गुपित बघायला फरशीतलं एक झाकण उचलावं लागतं. खाली पाणी आहे. त्यात काठी बुडवायची, वर काढायची आणि ती कुठवर ओली झाली ते बघायचं. आपल्याकडे विहिरीला पाणी किती हे बघायला दोर सोडतात, तोच प्रकार. फक्त इथे विहीर देवघरात आहे. कॅथीड्रलखाली गारगोटीच्या खडीचा जाड थर आहे, आणि तो बारा महिने पाण्याने भरलेला असतो. खडी काळीसारखी पाणी पिऊन फुगत नाही आणि वाळून आकसत नाही. दगडाला दगड टेकलेला असतो, भार सरळ खाली उतरतो. धोका पाणी असण्यात नाही, पाण्याची पातळी खालीवर होण्यात आहे. पाणी फार उतरलं तर खडी दबेल आणि वरचं सगळं हलेल. म्हणून ती काठी.

मग पुढचा प्रश्न येतोच: पाणी एकाच पातळीवर राहतं कसं? आमच्या कार नदीला विचारा. श्रावणात ती दोन्ही काठ धरून चालते आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रातून पाय न भिजवता पलीकडे जाता येतं. सॉल्सबरीच्या आसपास एव्हन, नॅडर, वायली, बोर्न आणि एबल अशा पाच नद्या एकत्र येतात आणि त्यांचा स्वभाव अगदी वेगळा. पाणी काचेसारखं स्वच्छ, तळाशी लांब हिरव्या वनस्पती डोलत असतात. हे सगळं आजूबाजूच्या बुटक्या, गोलसर टेकड्यांमुळे. त्या टेकड्या खडूच्या आहेत. पांढरा, मऊ, नखाने ओरखडा निघेल असा दगड. माठासारखा तो पाणी पोटात घेतो आणि पुढे महिनोन्‌महिने थोडंथोडं झिरपू देतो. आमचा काळा बेसाल्ट मात्र भेगा असतील तिथेच पाणी धरतो. वरूड-मोर्शीकडच्या संत्राबागाइतदाराला हे शिकवायला नको. बोअर किती खोल नेलं तरी भेग लागली तर पाणी, नाहीतर धूळ.

थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. हा पांढरा खडू म्हणजे समुद्रातल्या अतिसूक्ष्म शेवाळांच्या कवचांचा गाळ. सुमारे दहा कोटी ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळात तो थरावर थर साचत गेला. आणि तो काळ संपता संपता, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, आपल्याकडे जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळत होता. त्याचाच पुढे बेसाल्ट झाला, आणि तो झिजून आपली काळी. तिथल्या मनोऱ्याखालचं पाणी राखणारा खडू आणि आमच्या भिंती तडकवणाऱ्या काळीचा मूळ दगड एकाच युगातले आहेत!

या पाण्याचा उपयोग तिथल्या शेतकऱ्यांनीही करून घेतला. खडूतून येणारं पाणी हिवाळ्यातही दहा अंशांच्या आसपास असतं. ते पाटांनी कुरणावर पातळ थराने वाहतं ठेवलं की गवत गारठत नाही आणि वसंताआधीच मेंढ्यांना हिरवा चारा मिळतो. दिवसा मेंढ्या कुरणात चरायच्या आणि रात्री टेकडीवरच्या शेतात खताला बसवायच्या. शेतात मेंढ्या बसवणं आपल्याकडेही चालतंच की! हार्नमची अशी जुनी कुरणं कॅथीड्रलसमोर आजही आहेत. जॉन कॉन्स्टेबल या चित्रकाराने या मनोऱ्याची चित्रं पुन्हापुन्हा काढली. 1823 च्या एका चित्रातला काळा ढग बिशपसाहेबांना रुचला नाही, म्हणून त्याने पुढे उजळ आभाळाचं दुसरं चित्र केलं. ढगाचा असा राग विदर्भात कुणी केला नसता.

मॅग्ना कार्टाच्या 1215 सालच्या मूळ प्रतींपैकी शिल्लक असलेल्या चारांतली एक या कॅथीड्रलमध्ये आहे, आणि 1386 च्या सुमाराचं, तबकडी नसलेलं, नुसते टोले देणारं घड्याळही. स्टोनहेंज उत्तरेला पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर. तिथे गर्दी फार. दगडांची वर्तुळं नागपूरजवळ जुनापाणीलाही आहेत आणि आपल्या जिल्ह्यात खैरवाड्यालाही. ती स्टोनहेंजपेक्षा बरीच अलीकडची, लोहयुगातली दफनं आहेत, पण तिथे तिकीट नाही, दोरी नाही, बहुतेकदा माणूसही नाही.

मला जास्त रमवलं ते ओल्ड सॅरमने. शहराच्या उत्तरेची ही टेकडी. पहिलं कॅथीड्रल इथेच होतं. पण वारा सोसवेना, पाणी पुरेना आणि शेजारच्या किल्ल्यातल्या शिपायांशी पाद्र्यांचं जमेना. शेवटी पाण्याच्या ओढीने सगळा कारभार खाली नदीकाठी उतरला. पाण्यासाठी गाव उठणं आपल्याला नवं नाही. कॅथीड्रल उठलेलं मात्र ऐकलं नव्हतं.

याच टेकडीपासून बीकन हिलपर्यंत 1794 मध्ये इंग्लंडच्या नकाशासाठी सुमारे 11 किलोमीटरची आधाररेषा पोलादी साखळीने मोजली गेली. सपाट मुलखात दुरून दिसणारे चर्चचे मनोरे या मोजणीला खुणांसारखे उपयोगी पडत. आठ वर्षांनी, 1802 मध्ये, विल्यम लॅम्टन या यॉर्कशायरच्या माणसाने मद्रासला तसंच काम सुरू केलं. त्याची साखळीही लंडनच्या जेसी रॅम्सडेनच्या कारखान्यातली. तंजावरला मनोऱ्यांच्या जागी मंदिराचं शिखर कामी आलं. 1808 मध्ये तिथे चढवताना लॅम्टनचं कोन मोजायचं अर्ध्या टनाचं यंत्र भिंतीवर आदळलं आणि ते त्याने स्वतः बसून दुरुस्त केलं. मोजणी उत्तरेकडे सरकत राहिली. हैदराबादहून नागपूरकडे निघालेला लॅम्टन जानेवारी 1823 मध्ये वाटेतच वारला, आपल्याच जिल्ह्यात, हिंगणघाटला. त्याची कबर तिथे आहे. सॉल्सबरीला जाणं जमेल तेव्हा जमेल. हिंगणघाट कारंज्याहून एका दिवसात होतं.