भट्टींतील उक्नु : असुरियाचे कांचविधि-लेख

असुरियाचा राजा असुरबनिपाल (इ. स. पूर्वीं ७ वें शतक) याच्या निनेवे येथील ग्रंथसंग्रहांत कांच तयार करण्याच्या विधीचे मृत्तिकापट्ट निघाले. ते ब्रिटिश म्यूझियममध्यें असून त्यांचें साक्षेपी संपादन ओपेनहाइम यांनीं १९७० मध्यें प्रसिद्ध केलें.

लेखाचा आरंभ भट्टीच्या पायापासून होतो. शुभ महिन्यांतील शुभ दिवस पाहावा, कुबु नांवाच्या गर्भरूप देवतांच्या मूर्ति स्थापाव्या, अशुचि मनुष्यास त्यांच्यापुढें येऊं देऊं नये, मेंढा बळी द्यावा, मध व तूप अर्पावें, मग अग्नि पेटवावा. आपल्याकडील रसशास्त्राच्या पोथ्या चाळणारास हें परकें वाटणार नाहीं. परंतु एवढ्यावरून लेख केवळ मंत्रतंत्राचा ठरवूं नये. पुढील मजकूर पक्का हिशेबी आहे. १० मीना 'इम्मनक्कु' दगड, १५ मीना 'नग' वनस्पतीची राख व १⅔ मीना 'श्वेत वनस्पति' यांचें निरनिराळें चूर्ण करून मिसळावें; चार 'डोळ्यां'च्या थंड भट्टींत ठेवावें; निर्धूम अग्नि द्यावा; रस सोन्यासारखा पिवळा दिसूं लागला म्हणजे तो भाजलेल्या विटेवर ओतावा. (मीना म्हणजे सुमारें अर्धा किलो.) राखेंतील क्षारामुळें गार कमी उष्णतेंत वितळते, हें यांतील मर्म होय. या पहिल्या पाकास 'झुकु' म्हणत; तो कुटून, तांबें इत्यादि रंगद्रव्यें घालून पुन्हां तापवीत.

या कांचेस मिळालेलें नांव संशोधकानें विशेष ध्यानांत ठेवावें. 'उक्नु' म्हणजे बदख्शानचा निळा राजावर्त. लेखक 'पर्वताचा उक्नु' व 'भट्टीचा उक्नु' असा भेद करतात. तेव्हां एखाद्या राजाच्या नजराण्याच्या यादींत नुसता 'उक्नु' आढळल्यास तो खाणींतलाच, असें गृहीत धरून व्यापारमार्ग आंखणें धोक्याचें आहे. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन येथें बुडालेल्या, इ. स. पू. १३०० च्या सुमाराच्या जहाजांत निळ्या-जांभळ्या कांचेच्या सुमारें १७५ ओतीव वड्या सांपडल्या आहेत. म्हणजे कच्ची कांचही परदेशीं जात होती.

भांडीं घडविण्याची कृति मात्र या पट्टांत नाहीं. ती वस्तूंवरूनच ओळखावी लागते. निमरूद येथें लेयार्ड यांस मिळालेली हिरवट कांचेची लहानशी बरणी सिंहाकृति व सार्गोन राजाच्या (इ. स. पू. ७२२–७०५) नांवानें अंकित आहे. कांच फुंकण्याची कला इ. स. पूर्वीं पहिल्या शतकांतली. त्यामुळें ही बरणी फुंकलेली नव्हे. तिच्या पोटांतील सर्पिल ओरखडे पाहतां, जाड गोळा आंतून कोरून पोकळ केला, हें स्पष्ट दिसतें.