मुदतवाढीचा अर्ज

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील ज्या कार्यालयात मी बुडीत कंपन्यांची दप्तरे सांभाळतो, तेथे मुदतवाढीच्या अर्जाइतका दुसरा कोणताही मसुदा वारंवार लिहिला जात नाही. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने कंपनी सावरण्यासाठी 180 दिवस दिले, आणि धनकोंच्या समितीने 75 टक्के (2018 च्या दुरुस्तीपासून 66 टक्के) मतांनी ठराव केल्यास राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने एकदाच, 90 दिवसांपर्यंत, वाढ द्यावी असे ठरविले. 2019 च्या दुरुस्तीने कोर्टकज्जांचा काळ धरून 330 दिवसांची सक्तीची सीमा घातली. परंतु त्याच वर्षी 15 नोव्हेंबरला एस्सार स्टीलच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती रद्द करून अपवादात्मक प्रसंगी पुढे जाण्याची वाट मोकळी ठेवली.

अर्ज लिहिण्यापूर्वी तारखांची यादी करावी लागते. प्रकरण दाखल झाल्याचा हुकूम, जाहीर सूचना, दावे रुजू करण्याचे 14 दिवस, समिती स्थापन झाल्यापासून सात दिवसांच्या आत व्हावयाची पहिली बैठक, असे ओळीने मांडीत गेले की दिवस कोठे गळाले ते आपोआप दिसू लागते. इतिवृत्ते वाचताना मला वारंवार आढळते ते हे, की बैठकीस हजर असलेला बँकेचा अधिकारी मत देण्यास मुखत्यारच नसतो. त्याच्या मुख्य कार्यालयाची मंजुरी येईपर्यंत विषय तहकूब राहतो, आणि तहकुबीचे ते आठवडे अर्जात ‘व्यापक विचारविनिमय’ या भारदस्त शब्दांखाली झाकले जातात. मग ठराव, मतदानाचा निकाल आणि प्रतिज्ञापत्र जोडून कागद कफ परेडला न्यायाधिकरणाकडे रवाना होतात.

या साऱ्या व्यवहारात कामगाराला मत नाही. घरखरेदीदारांना 2018 पासून समितीत स्थान मिळाले. परंतु कामगारांचे व इतर व्यवहारी धनकोंचे येणे एकूण कर्जाच्या दहा टक्के भरले, तरच त्यांच्या प्रतिनिधीस बैठकीत नुसते बसता येते. आणि कंपनी अखेरीस मोडीत निघाली, तर कलम 53 प्रमाणे तारणधारक धनकोंच्या बरोबरीने कामगाराला मिळते ते परिसमापनाच्या प्रारंभापूर्वीच्या 24 महिन्यांचेच येणे. उदाहरणार्थ, जेट एअरवेजची प्रवासी वाहतूक 17 एप्रिल 2019 ला थांबली, प्रकरण 20 जूनला मुंबई न्यायपीठाने दाखल करून घेतले, आणि परिसमापनाचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2024 रोजी दिला. तेथून मागे 24 महिने मोजीत गेल्यास तो सबंध काळ वाहतूक बंद असतानाचा ठरतो. 2022 च्या एबीजी शिपयार्ड निकालानुसार प्रक्रियेच्या काळातील वेतन प्रक्रियेच्या खर्चात धरले जाते ते कंपनी चालू असताना प्रत्यक्ष काम केलेल्यांचेच. म्हणजे मुदत जसजशी लांबते, तसतसे कामगाराच्या घामाचे महिने त्या 24 महिन्यांच्या बाहेर पडत जातात, आणि हे सांगणारा एक परिच्छेदही अर्जात नसतो.

मुदतवाढ मुळातच वाईट असे मी म्हणत नाही. उत्तम प्रस्ताव हाती येत असताना केवळ दिवस भरले म्हणून चालता कारखाना मोडणे हा अन्यायच होय. परंतु मत नसलेल्यांचे काय होणार, हे लिहिल्यावाचून न्यायाधिकरणाने असा अर्ज स्वीकारू नये. आणि वागळे इस्टेटपासून डोंबिवलीपर्यंतच्या ज्या कामगारांच्या कंपनीची जाहीर सूचना निघाली असेल, त्यांनी पुढील तारखेच्या भरवशावर न राहता आपला दावा नमुना ‘डी’ मध्ये 14 दिवसांच्या आत रुजू करावा, आणि त्याची पोच जपून ठेवावी.