सीतेने वाटून दिलेला सासुरवास

रामायण म्हटले की आपल्याला राम-रावणाचे युद्ध आठवते. भोर, वेल्हे (आताचा राजगड तालुका), मुळशी, मावळ या डोंगरपट्ट्यातल्या बायकांनी मात्र जात्यावर एक निराळेच रामायण रचले. त्यात युद्ध फारसे नाहीच. तिथे सीता सून आहे आणि कैकेयी तिची ‘केगाई’ सासू. वनवास आणि सासुरवास तिथे वेगळे करता येत नाहीत. सीतेचा सासुरवास एवढा होता की तो तिने मुलखातल्या बायकांना वाटून दिला, असे ओव्या सांगतात. आपल्या वाट्याला आलेला जाच हा सीतेचा वाटा, ही कल्पना शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बायकांनी केली, याचे मला अजून नवल वाटते.

हे आपल्यापर्यंत आले ते हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्यामुळे. १९८०च्या दशकात ते डोंगरातल्या बायकांमध्ये काम करत होते. आपले हाल सांगता सांगता बायका ओव्या गाऊ लागल्या, आणि या दोघांनी त्या टिपायला घेतल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणे केली. आज या संग्रहात १,००,०००हून अधिक ओव्या आहेत, १,०००हून अधिक गावांतल्या. आता त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात.

पण एवढे सगळे गायला मुभा कुठून मिळाली? पहाटेचा अंधार, समोरासमोर बसलेल्या दोघी, खुंट्यावर दोघींचे हात, एकीने घास घालायचा, वरची तळी फिरत राहायची. घरातली माणसे जागी असली तरी गाणे कामाचाच भाग, म्हणून कुणी हटकत नसे. दिवसा जे बोलले असते तर मार बसला असता, तेच इथे मोठ्याने म्हणता येई. दळण म्हणजे छळच होता, हात भरून येत. त्या कष्टाचे गोडवे मला गायचे नाहीत. पिठाची गिरणी आली ते चांगलेच झाले. मात्र बायकांची ही बोलण्याची जागा तिने नेली.

ओव्या सगळ्याच बंडाच्या नाहीत, हेही सांगायला हवे. लेकाचे कौतुक, चुड्याचा अभिमान, मूल नसल्याचे दुःख हेही त्यांत भरभरून आहे. बायकोने आणि आईने कसे असावे याचा जो धाक गावाने घातला, तो त्याच गळ्यातून गायला गेला. त्याविरुद्धची तक्रारही त्याच गळ्यातून.

आणि या ओव्या डोंगर ओलांडून दूरदूर गेल्या कशा? छापखाना नाही, निरोप्या नाही. लग्न होऊन मुलगी परक्या गावी जाई, आईच्या ओव्या तिच्यासोबत जात. माहेर तोडणारी रीतच ओव्यांची वाहक झाली. सासरी पहाटे उठल्यावर जात्यापाशी समोर कधी जाऊ बसे, कधी सासू. तीही कधीतरी परक्या गावाहून, आपल्या आईच्या ओव्या घेऊनच आलेली असे.