वजाबाकी

बँकेतून निवृत्त झालो, तरी आकडे सुटत नाहीत. सिंदखेडराजाला शाळांच्या सहली येतात. मुलं जिजाऊंचं जन्मस्थळ पाहतात, १२ जानेवारी १५९८ ही तारीख वहीत टिपतात आणि बसकडे वळतात. मी त्यांना चालत लखुजीराव जाधवांच्या समाधीपाशी नेतो. सांगतो, ‘जुलै १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशाही दरबारात लखुजीराव, त्यांचे दोन मुलगे आणि नातू मारले गेले. शिवराय जन्मले १९ फेब्रुवारी १६३० ला. करा वजाबाकी!’

बोटं मोजली जातात. सात महिने.

परवा एक मुलगी हळूच म्हणाली, ‘म्हणजे वडील नि भाऊ गेले, तेव्हा जिजाऊंना दिवस गेले होते?’

सनावळ्या मला कधीच्या पाठ होत्या. पण त्यामागची लेक मात्र त्या पोरीनं दाखवली.