पाडांगसमोरची न्यायदेवता

सिंगापूर फिरून आलेल्या मराठी कुटुंबाच्या फोनमध्ये मरलायन हमखास सापडतो, मरीना बे सापडते. पाडांग मैदानासमोरच्या जुन्या सुप्रीम कोर्टाच्या माथ्यावरची न्यायदेवता मात्र क्वचितच. ही इमारत आता नॅशनल गॅलरीचा भाग आहे. लोक आत चित्रे पाहायला जातात आणि दारावरचे शिल्प न पाहताच पुढे सरकतात, याची मला खरोखर हळहळ वाटते.

कॉरिंथियन खांबांची रांग आणि तिच्यावर तोललेला मोठा त्रिकोण. त्रिकोणाच्या मधोमध 2.7 मीटर उंचीची न्यायदेवता उभी आहे. तिच्या एका बाजूला आसरा मागणारा एक हताश जीव आणि पलीकडे हाती ग्रंथ घेतलेले कायदेपंडित. दुसऱ्या बाजूला कृतज्ञतेने वाकलेली एक आकृती, मग बैल घेतलेला माणूस, आणि त्रिकोण निमुळता होतो तिथे गव्हाच्या पेंढ्या घेतलेली दोन मुले. न्याय मिळाला की सुबत्ता येते, असा हा अर्थ. बैल आणि धान्य पाहून आपल्याला बेंदूर-पोळा आठवतो, पण गहू सिंगापुरात पिकत नाही. ही सगळी प्रतिमासृष्टी थेट रोमहून आलेली आहे.

ती घडवणारे मिलानचे रुडॉल्फो नोली. आधी बँकॉकमध्ये काम करून ते 1921 मध्ये सिंगापूरला आले. या गावात ग्रीक-रोमन वळणाचे जे जे उठून दिसते, त्यातल्या पुष्कळशा कामावर त्यांचा हात फिरलेला आहे. शेजारच्या सिटी हॉलचे खांब त्यांचे, फुलर्टन इमारतीवरचे नक्षीकाम त्यांचे, एल्गिन पुलावरचे दिवेही त्यांचेच. खांब अखंड दगडाचे वाटतात, पण आतला गाभा काँक्रीटचा आहे आणि वर साच्यात ओतलेल्या कृत्रिम दगडाचे आवरण आहे. ही नक्कल आहे म्हणून तिला कमी लेखणे मला पटत नाही. दमट हवेत, रोजच्या पावसात हे काम नव्वद वर्षे टिकले आहे.

दगडाचा आभास निर्माण करण्याची विद्या सिंगापुरात नोलींच्याही आधीची. आयरिश वास्तुकार जॉर्ज कोलमन यांनी 1835 मध्ये आर्मेनियन चर्च बांधले, तेव्हा सरकारी बांधकामे आणि बंदिवान ही दोन्ही खाती त्यांच्याकडे होती. बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांतून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांनी या शहराचे रस्ते आणि इमारती उभ्या केल्या. पाडांगजवळच्या सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलचा शुभ्र गिलावा त्यांच्याच हातचा: शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि साखर घोटायची, नारळाची सोडणे भिजवलेल्या पाण्यात कालवायची, आणि वाळल्यावर स्फटिकाने घासून चकाकी आणायची. नोलींचे नाव नोंदले गेले. या माणसांची नावे कोणत्याही खांबावर नाहीत.

नोलींच्या या ग्रीक-रोमन वळणाला नव-अभिजात शैली म्हणतात. तिचे मोठे पीक आले ते अमेरिकेत. नव्या प्रजासत्ताकाला राजेशाहीचा थाट नको होता, म्हणून तिथल्या कलावंतांनी प्राचीन रोमच्या प्रजासत्ताकाकडे पाहिले. होरेशियो ग्रीनो, हायरम पॉवर्स यांच्यासारखे शिल्पकार फ्लॉरेन्सला जाऊन राहिले. ग्रीनो यांनी तर जॉर्ज वॉशिंग्टन यांना ग्रीक देवासारखे उघड्या छातीने सिंहासनावर बसवले आणि लोकांची टीका ओढवून घेतली. वॉशिंग्टनमधले सुप्रीम कोर्टही याच शैलीतले. ते 1935 चे, सिंगापूरचे 1939 चे. खांब तेच, त्रिकोण तोच. पण तिथे ही शैली स्वतंत्र देशाने स्वतः निवडली आणि इथे राज्यकर्त्यांनी आणून बसवली. हा फरक मला शिल्पाच्या सौंदर्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मुंबईतही ही शैली अशीच राज्यकर्त्यांबरोबर आली. एशियाटिकच्या टाउन हॉलमध्ये एल्फिन्स्टन आणि माल्कम यांचे संगमरवरी पुतळे आहेत, ते फ्रान्सिस चँट्री या इंग्रज शिल्पकाराचे. सिंगापूरचे संस्थापक म्हणवले जाणारे रॅफल्स यांचा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतला पुतळाही चँट्री यांचाच. सिंगापुरातला हाताची घडी घातलेला ब्राँझचा रॅफल्स मात्र थॉमस वूलनर यांनी केला. 27 जून 1887 रोजी तो पाडांगवर उभा राहिला आणि 1919 मध्ये एम्प्रेस प्लेसला हलला.

याच पाडांग मैदानावर 5 जुलै 1943 रोजी नेताजींनी आझाद हिंद सेनेसमोर 'चलो दिल्ली'ची हाक दिली. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले हे त्या सेनेतले ज्येष्ठ अधिकारी. जवळच सेनेच्या हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले होते. परतलेल्या ब्रिटिशांनी 1945 मध्ये ते पाडून टाकले. नोलींच्या वाट्यालाही वेगळे काही आले नाही. 3 ऑगस्ट 1939 ला कोर्टाचे उद्घाटन झाले, पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली, आणि न्यायदेवता घडवणाऱ्या या शिल्पकाराला ब्रिटिशांनी शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडून ऑस्ट्रेलियातल्या छावणीत ठेवले.

स्वतंत्र सिंगापूरने मात्र रॅफल्सला हलवले नाही. डच अर्थतज्ज्ञ विन्सेमियस यांनी तसा सल्ला दिला होता आणि पंतप्रधान ली क्वान यू यांनी तो मानला. पुढे 2019 मध्ये, रॅफल्सच्या आगमनाला दोनशे वर्षे झाली तेव्हा, नदीकाठच्या त्याच्या पांढऱ्या प्रतिकृतीशेजारी काही काळ आणखी चार पुतळे उभे केले गेले: दंतकथेतला राजपुत्र सांग निला उतामा, चिनी व्यापारी तान टॉक सेंग, रॅफल्सचे लेखनिक मुन्शी अब्दुल्ला आणि तमिळ व्यापारी नारायण पिल्ले. पाडण्यापेक्षा शेजारी उभे करणे हा मला जास्त शहाणपणाचा मार्ग वाटतो.

जुन्या कोर्टाच्या कोनशिलेखाली 1937 ची वर्तमानपत्रे आणि नाणी पुरलेली आहेत. ती इसवी सन 3000 मध्ये काढायची आहेत. तेवढे थांबणे आपल्याला शक्य नाही; पण पुढच्या खेपेला सिंगापूरला जाल, तेव्हा गॅलरीचे तिकीट काढण्याआधी रस्ता ओलांडून पाडांगच्या कडेला उभे राहा आणि तो त्रिकोण नीट पाहा. त्याला तिकीट लागत नाही.